ऑप्शन शिकवताना तोट्याचा आकडाही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अर्थविषयक पानावर ऑप्शन व्यवहारांची ओळख करून देणारी लेखमाला सुरू आहे. कॉल (ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क), पुट (ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क), स्ट्राइक (तो ठरलेला भाव), प्रीमियम (त्या हक्कासाठी मोजलेली किंमत), एक्स्पायरी (हक्काची मुदत संपण्याचा दिवस) हे सगळे लेखकाने सोप्या मराठीत समजावले, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण ताज्या लेखात 'शॉर्ट स्ट्रँगल' (कॉल आणि पुट दोन्ही विकण्याचा) हा डाव नवशिक्यांना 'पगारासारखे दरमहा उत्पन्न' म्हणून सुचवला आहे. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तो का, हे आकड्यांनिशी मांडण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी सांगलीत करसल्लागार आहे. विवरणपत्रांच्या हंगामात ब्रोकरचे नफा-तोटा पत्रक घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत फार वाढली. सांगलीला वायदा नवा नाही. हळदीचे वायदे या पेठेने पिढ्यान्पिढ्या पाहिले. पण ते करणारे व्यापारी होते, माल ओळखणारे होते आणि तोटा झाला तर तो कोणत्या खिशातून भरायचा हे त्यांना ठाऊक असे. आता येतात ती पंचविशीतली मुले. कुणी कुपवाड एमआयडीसीत कामाला, कुणी तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, कुणी पुण्यात आयटीत नोकरी करणारी आणि रिटर्न भरायला गावी येणारी. पत्रक चाळताना मी त्यांना एकच प्रश्न विचारते : हा सौदा आधी घेतला होतास की आधी विकला होतास? अनेकांना त्याचे उत्तर चटकन देता येत नाही. मोबाइलवर एक बटण खरेदीचे आणि एक विक्रीचे, दोन्ही सारख्याच आकाराची. त्या दोन बटणांमागच्या जबाबदाऱ्या किती वेगळ्या आहेत, हे कुणी त्यांना सांगितलेलेच नसते.

ऑप्शनची ओळख खरे तर तिथूनच सुरू व्हायला हवी. ऑप्शन विकत घेणारा हा विमा उतरवणाऱ्या ग्राहकासारखा असतो आणि विकणारा विमा कंपनीसारखा. घेणाऱ्याने हप्ता भरला की त्याचा विषय संपला, जास्तीत जास्त तो हप्ता जाईल (शेअरच्या ऑप्शनचा अपवाद पुढे सांगते). विकणाऱ्याला हप्ता आधीच मिळतो आणि दावा आला तर तो पूर्ण भरावा लागतो. विमा कंपनीकडे हजारो ग्राहक असतात, पुनर्विमा असतो, राखीव निधी असतो. माझ्यासमोर बसलेल्या मुलाकडे बचत खात्यात दोन लाख रुपये असतात आणि त्यातले बरेचसे वडिलांनी दिलेले असतात.

आता आकडे घेऊ. निफ्टी हा शेअर निर्देशांक 25,000 वर आहे आणि लॉट, म्हणजे एका सौद्यातली ठरलेली संख्या, 75 चा आहे, असे धरते. लॉटचा आकार एक्सचेंज अधूनमधून बदलते, त्यामुळे प्रत्यक्ष सौद्याआधी तो पाहूनच घ्यावा.

प्रथम साधी खरेदी. 25,000 स्ट्राइकचा साप्ताहिक कॉल 150 रुपयांना घेतला. खर्च झाला 11,250 रुपये. एक्स्पायरीला निफ्टी 25,100 वर बंद झाला. बाजार वर जाईल हा अंदाज खरा ठरला, तरी हातात येतात 100 गुणिले 75 म्हणजे 7,500 रुपये आणि तोटा होतो 3,750 रुपयांचा. पैसे सुटायला निफ्टीने 25,150 ओलांडायला हवे होते. 'मॅडम, माझा व्ह्यू बरोबर होता, तरी पैसे कसे गेले?' हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. त्याचे उत्तर प्रीमियमच्या पोटात आहे. 25,000 वर असलेल्या निफ्टीचा 25,000 चा कॉल आपण 150 ला घेतो, तेव्हा त्या 150 मध्ये आजची किंमत, म्हणजे हक्क आजच वापरला तर हाती येणारे पैसे, शून्य असते. सगळे पैसे वेळेचे आणि संभाव्य हालचालीचे असतात. वेळ रोज कमी होते. ही घट सारख्या गतीने होत नाही, एक्स्पायरी जवळ येईल तशी ती वेगाने होते. याला थीटा म्हणतात. साप्ताहिक ऑप्शनचे सगळे आयुष्यच काही दिवसांचे, त्यामुळे त्याचा खरेदीदार पहिल्या दिवसापासून उतारावर उभा असतो.

दुसरा भाग अपेक्षित चढउताराचा. मतमोजणी, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, कंपनीचे तिमाही निकाल यांच्या आधी हा भाग फुगतो आणि घटना होऊन गेली की बसतो. जून 2024 मधला लोकसभेचा निकाल आठवा. 3 जूनला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 23,263.90 वर बंद झाला आणि 4 जूनला मतमोजणीच्या दिवशी 21,884.50 वर. एका दिवसात जवळपास 6 टक्के घसरण. त्या दुपारी घाबरून ज्यांनी फुगलेल्या भावाने पुट घेतले, त्यांचे दुसऱ्या दिवशी दुहेरी नुकसान झाले, कारण निफ्टी वर आला आणि इंडिया व्हिक्स हा अपेक्षित चढउतार मोजणारा निर्देशांकही खाली बसला. ऑप्शनचे गणित दिशेइतकेच या फुगवट्यावर चालते आणि ओळख करून देणाऱ्या लेखांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

आता आपल्या लेखातला शॉर्ट स्ट्रँगल. 25,500 चा कॉल 30 रुपयांना विकला आणि 24,500 चा पुट 35 ला विकला. मिळाले 65 गुणिले 75, म्हणजे 4,875 रुपये. निफ्टी 24,435 ते 25,565 या पट्ट्यात राहिला तर तोटा नाही. बहुतेक आठवडे तो राहतोही, हे मी मान्य करते. लेखकाने म्हटल्याप्रमाणे दहापैकी आठ-नऊ वेळा पैसे मिळतील. पण 4 जूनसारखा एक दिवस येऊ द्या. 25,000 वरून 6 टक्के म्हणजे निफ्टी 23,500 वर. विकलेला पुट 1,000 रुपयांचा झाला. मिळालेले 65 वजा केले तरी तोटा 935 गुणिले 75, म्हणजे 70,125 रुपये. चौदा आठवड्यांची कमाई एका दिवसात गेली आणि वर खड्डा पडला. हे एका लॉटचे झाले. दर आठवड्याला पैसे येऊ लागले की कुणी एका लॉटवर थांबत नाही, हे मी पत्रकांवरून खात्रीने सांगते. चार लॉट असतील तर 2,80,500 रुपये.

त्यात मार्जिनची, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायच्या अनामत रकमेची, भानगड आहे, ती लेखात अजिबात आली नाही. एका लॉटमागे सौद्याची एकूण किंमत 18 लाख 75 हजार असते आणि विकणाऱ्याला लाखाच्या वर मार्जिन अडकवून ठेवावे लागते. बाजार जोरात हलला की मार्जिन वाढते. खात्यात पैसे नसतील तर ब्रोकर पोझिशन, म्हणजे उघडा सौदा, कापतो, आणि कापली जाते तीही भाव सर्वांत वाईट असतानाच. 'स्टॉपलॉस (ठरावीक भावाला सौदा आपोआप बंद करण्याची सूचना) लावला होता' असे सांगणारे भेटतात. बाजार सकाळी मोठ्या गॅपने उघडला, तर स्टॉपलॉस आपल्या भावाला लागत नाही. लागतो त्या भावाला लागतो.

गेल्या हंगामात आलेल्या एका तरुणाचे पत्रक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बरेच महिने सलग हिरवे होते, दर महिन्याला थोडे थोडे पैसे मिळालेले. मग एका महिन्यात वर्षभराच्या पगाराहून मोठा तोटा. तो अभ्यासू मुलगा आहे, इंजिनिअर आहे, त्याने बेफिकिरीने काहीही केलेले नव्हते. त्याने शिकवलेला डाव शिकवला होता तसाच केला. शिकवणाऱ्याने फक्त शेवटचा आकडा सांगितला नव्हता. आपल्या लेखामुळे असा आणखी एक मुलगा माझ्या टेबलावर येऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

हे माझ्या टेबलापुरते नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर गेला. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे फक्त 1 टक्का. व्यवहार करणाऱ्यांत तिशीखालचे 2023-24 मध्ये 43 टक्के होते. जुलै 2025 मध्ये आलेल्या पुढच्या पाहणीनुसार 2024-25 मध्ये 91 टक्के लोक तोट्यात गेले आणि त्या एकाच वर्षाचा तोटा 1,05,603 कोटी रुपये होता. मधल्या काळात नियम कडक झाले. कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत 15 लाख झाली, साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक एक्सचेंजवर एकाच निर्देशांकाची उरली, एक्स्पायरीच्या दिवशी विकणाऱ्यावर 2 टक्के जादा मार्जिन आले, खरेदीदाराकडून पूर्ण प्रीमियम आधी घेणे सक्तीचे झाले. हे सगळे योग्यच आहे असे माझे मत आहे. पण नियम सौद्याला कुंपण घालतात. सौदा समजावून सांगण्याचे काम वर्तमानपत्राचे आहे.

मी ऑप्शनच्या विरोधात नाही, हे इथे ठामपणे सांगते. जोखीम मर्यादित करणारे डाव आहेत आणि मराठी वाचकाला ते आधी शिकवता येतील.

वरच्याच उदाहरणात 25,000 चा कॉल 150 ला घेऊन सोबत 25,200 चा कॉल 70 ला विकला, तर तो बुल कॉल स्प्रेड झाला. खर्च 80 गुणिले 75, म्हणजे 6,000 रुपये, आणि याहून जास्त तोटा होऊ शकत नाही. न नफा न तोटा 25,080 वर. निफ्टी 25,100 वर बंद झाला तर इथे 1,500 रुपये मिळतात, जिथे नुसत्या कॉलवाल्याचे 3,750 गेले. बाजार 25,400 ला गेला तर नुसत्या कॉलवाल्याला 18,750 मिळतील आणि स्प्रेडवाल्याला 9,000. ही तफावत म्हणजे मर्यादित जोखमीसाठी मोजलेली किंमत. मला ती रास्त वाटते. बाहेर पडताना मात्र विकलेला पाय आधी बंद करावा. घेतलेला कॉल आधी विकून टाकला तर मागे उघडा विकलेला कॉल उरतो आणि मार्जिन एकदम उडी मारते. या एका चुकीच्या क्रमामुळे दंड भरलेले लोक मी पाहिले आहेत.

आणि ज्यांना विकायचेच आहे, त्यांना स्ट्रँगलऐवजी आयर्न काँडोर शिकवावा. 25,500 चा कॉल आणि 24,500 चा पुट विकतानाच 25,700 चा कॉल 10 रुपयांना आणि 24,300 चा पुट 15 रुपयांना घ्यायचा. हाती राहतात 40 रुपये, म्हणजे 3,000. निफ्टी 23,500 ला कोसळला तरी तोटा 200 वजा 40, म्हणजे 160 गुणिले 75, म्हणजे 12,000 रुपयांवर थांबतो, वर काय ते व्यवहाराचे खर्च. 4,875 ऐवजी 3,000 मिळाले, पण 70,125 च्या जागी 12,000. रात्री झोप लागते की नाही, हा फरक या दोन आकड्यांमध्ये आहे.

कव्हर्ड कॉलबद्दल, म्हणजे जवळ शेअर असताना त्यावर कॉल विकण्याबद्दल, लेखमालेत पुढे येणार आहे असे दिसते, म्हणून त्यावर दोन गोष्टी सुचवते. माझे एक क्लायंट निवृत्त प्राध्यापक आहेत, ते हा डाव शांतपणे आणि नीट करतात. समजा, 1,400 रुपये भावाचे 500 शेअर जवळ आहेत आणि लॉटही 500 चा आहे. 1,450 चा कॉल 18 रुपयांना विकला, 9,000 मिळाले. शेअर 1,520 ला गेला तर शेअर 1,450 ने द्यावे लागतात. वरचे 70 रुपये सोडावे लागतात, म्हणजे 35,000. ते त्यांना चालते, कारण 1,450 ला विकायची त्यांची तयारी आधीच असते. पण शेअर 1,250 ला आला, तर 75,000 च्या तोट्यातून 9,000 तेवढे वाचले. 'कव्हर्ड' या नावामुळे घसरणीपासून संरक्षण मिळाले असा समज होतो, तो कृपया लेखात दूर करावा.

दुसरी गोष्ट डिलिव्हरीची. निफ्टीचे ऑप्शन रोखीत मिटतात. शेअरचे ऑप्शन मात्र ऑक्टोबर 2019 पासून सगळेच प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतात. नऊ-दहा हजार रुपयांना घेतलेला कॉल एक्स्पायरीला दोन रुपयांनी जरी इन द मनी, म्हणजे शेअरचा भाव स्ट्राइकच्या वर, राहिला, तरी 500 शेअरची पूर्ण किंमत, इथल्या उदाहरणात सात लाखांच्या वर, भरण्याची जबाबदारी येते. पुट घेतलेला असेल तर शेअर आणून द्यावे लागतात. म्हणून शेवटच्या दिवसांत ब्रोकर मार्जिन वाढवत नेतात आणि मुले चक्रावतात. 'खरेदीदाराचा तोटा प्रीमियमपुरता' हे वाक्य आपल्या पहिल्या लेखात आहे. शेअरच्या ऑप्शनपुरते त्याला ही पुस्ती जोडलीच पाहिजे.

पुट घेऊन गुंतवणुकीला संरक्षण देणे हा या साधनाचा मला सर्वांत पटणारा उपयोग. पण तिथेही रुपये मोजून दाखवावेत. 18-19 लाखांची इक्विटी गुंतवणूक असलेल्याने 24,500 चा मासिक पुट 200 रुपयांना घेतला, तर महिन्याला 15,000 रुपये लागतील. बारा महिने घेत राहिला तर 1,80,000, म्हणजे गुंतवणुकीच्या जवळपास दहा टक्के. इतका परतावा एखाद्या वर्षी मिळतही नाही. तेव्हा हे कायम करायचे काम नाही. मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी दोन महिन्यांत पैसे काढायचे आहेत, अशा वेळी एखादा पुट शहाणपणाचा. आणि ज्याची गुंतवणूक चार लाखांची आहे, त्याला 18 लाखांच्या कॉन्ट्रॅक्टचा पुट मापाचाच नाही. त्याने तेवढे पैसे आधीच लिक्विड फंडात किंवा मुदत ठेवीत हलवावेत.

माझ्या व्यवसायाशी जोडलेला एक मुद्दा थोडक्यात. ऑप्शनमधला नफा-तोटा हा कराच्या दृष्टीने धंद्याचा असतो, भांडवली नफा नव्हे. पगारदारालाही आयटीआर-3 हा विवरणपत्राचा फॉर्म भरावा लागतो. हा तोटा पगारातून वजा होत नाही. पण विवरणपत्र मुदतीत भरले तर पुढील आठ वर्षे धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो. 'तोटाच झालाय, त्यात दाखवायचं काय?' म्हणून गप्प बसणारे हा हक्क गमावतात. खर्चाचेही तसेच. ऑर्डरमागचे ब्रोकरेज, एक्सचेंजचे शुल्क, जीएसटी, मुद्रांक आणि विक्रीवरचा एसटीटी (रोखे व्यवहार कर). ऑप्शनवरचा एसटीटी ऑक्टोबर 2024 मध्ये 0.0625 वरून 0.1 टक्के झाला. एक-एक आकडा किरकोळ दिसतो, पण सेबीच्याच पाहणीत 2023-24 मध्ये व्यक्तीमागे सरासरी 26,000 रुपये अशा खर्चात गेले. एक्स्पायरीच्या दुपारी 'हिरो-झिरो' (लागले तर मोठा नफा, नाही तर शून्य) म्हणत पाच-दहा रुपयांचे ऑप्शन घेणाऱ्यांच्या पत्रकात तर कित्येकदा खर्चाची रक्कम तोट्याच्या रकमेला येऊन भिडलेली असते.

म्हणून संपादक महोदय, माझी मागणी अगदी मर्यादित आहे. लेखमालेत जो जो डाव येईल, त्याच्याखाली चौकटीत तीन आकडे रुपयांत छापावेत : जास्तीत जास्त तोटा किती, न नफा न तोटा कोणत्या भावाला, आणि सौदा एक्स्पायरीपर्यंत धरायला खात्यात किती पैसे हवेत. जिथे तोट्याला मर्यादा नाही, तिथे '4 जून 2024 सारख्या दिवशी एका लॉटमागे इतके' असे लिहावे. 'अमर्याद' हा शब्द वाचून पंचविशीतल्या मुलाच्या पोटात काही हलत नाही, 70,125 वाचून हलते.

पुढच्या भागात एक्स्पायरीच्या दिवसाचा शॉर्ट स्ट्रॅडल (एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही विकण्याचा डाव) येणार अशी सूचना छापली आहे. तो भाग छापण्यापूर्वी लेखकाने हा हिशेब करून पाहावा, अशी विनंती. क्लायंटची नावे आणि खाते क्रमांक पुसून, त्यांची परवानगी घेऊन, काही पत्रके मी त्यांना पाहायला देऊ शकते. शनिवारी दुपारनंतर मी कार्यालयात असते. फोन नंबर सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिला आहे.

आपली नियमित वाचक,
एक करसल्लागार, विश्रामबाग, सांगली
(क्लायंटची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती. नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)